स्लाइडवरच्या चंद्रकोरी

नव्वदीच्या दशकात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या परजीवीवर पीएचडी करत होते. त्यामुळे अंबरनाथच्या बुवापाड्यात मी ‘मलेरियावाली’ झाले होते. प्रत्यक्षात मला कुणाचा ताप उतरवता येत नव्हता. माझा विषय होता प्रोटीन कायनेज. ही विकरं परजीवीच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात आणि त्याला हुकूम सोडतात: आता वाढ, आता फूट, आता पुरे, डासात जायची तयारी कर. या शेवटच्या हुकमानंतर परजीवी चंद्रकोरीसारखा होतो. तो हुकूम नेमका कोणत्या कायनेजकडून सुटतो, ते मला शोधायचं होतं. पण बाटलीत वाढवलेल्या आमच्या परजीवींनी चंद्रकोरी होणंच सोडून दिलं होतं. सर रोज विचारायचे आणि मी रोज मान खाली घालायचे.

अशात शेजारच्या मावशींचे यजमान तापाने फणफणले. आठवडा झाला तरी उतार नाही, आता तर बरळायलाही लागले होते. ॲडमिट व्हायचं नाव काढलं की अंगावर यायचे. “रक्तात वाईट निघालं तरच नेऊ,” मावशी म्हणाल्या आणि सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मला उल्हासनगरच्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. “तुला त्यातलं कळतं.”

लॅबवाले सिंधी गृहस्थ ओळखीचे होते. “आप ही देख लो, मॅडम,” म्हणत त्यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. मी डोळा लावला. जिकडे तिकडे चंद्रकोरी! “वा! काय सुंदर!” माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मी हसले, चांगली दात काढून हसले.

मावशींनी हात जोडले. “चांगलं आलं ना गं? मग नको ना ॲडमिट?”

तेव्हा कुठे मी बाकीची स्लाइड पाहिली. तांबड्या पेशींत अंगठ्यांसारखे कोवळे परजीवी खच्चून भरले होते. हा डोक्यात जाणारा मलेरिया. माणूस हातचा जायला वेळ लागत नाही.

“नाही, मावशी. आजच्या आज ॲडमिट करायला हवं.”

त्यांचे यजमान वाचले, तेही जुन्याच क्विनाइनवर. माझ्या कायनेजचा त्यात काडीचाही वाटा नाही. पण त्या दुपारी ते वाचतील की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. परतताना रिक्षात मावशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी हळूच विचारलं, “मग हसलीस कशाला गं?”

मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, जरा जल्दी.”