कोपरापर्यंत हात

मी नवी सून म्हणून हिंगणघाटला आले, तेव्हा सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते कापसाच्या गाडीपाशी. मामाजींनी, आमच्याकडे सासऱ्यांना हेच म्हणतात, बाही वर सारली, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला, आतून मूठभर कापूस काढून दाबून पाहिला आणि शेतकऱ्याला म्हणाले, "वरून तं सगळंच चांगलं दिसते बाप्पा. अंदर ओल हाय." तो माणूस ओशाळून हसला. मग त्यालाच बसवून चहा पाजला.

व्यापार कापसाचा, पण सवय सगळ्यालाच लागलेली. खरबुजांचा ढीग असो की गव्हाचं पोतं, बाही वर जायचीच. मी निवडून ठेवलेल्या डाळीच्या डब्याच्याही तळातून मूठ काढून पाहायचे. मी चिडायची. "मामाजी, माझ्यावर भरोसा नाही का?"

"तुह्यावर हाय बेटा, डब्यावर नाई." मोठे वस्ताद!

पोळ्याला बैलांची पूजा करता करता ते डोकं धरून खाली बसले. "कोणं हातोडा मारला का मले?" एवढं बोलले आणि ओकले. वर्ध्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती सांडलेलं रक्त दिसलं. कुठली तरी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली असणार, तो फुगा शोधायचा होता. हाताच्या शिरेतून औषध सोडून पुन्हा स्कॅन केला. मग मांडीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन फोटो काढले. फुगा सापडला नाही.

"दिसला नाही म्हणजे नाहीच, असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुठळीआड दडलेला असू शकतो. आठवड्याभरानं पुन्हा नळी घालून पाहू. तोवर त्यांना इथून हलवू नका. पुन्हा फुटला तर वाचवणं कठीण आहे."

आमच्या घरच्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं की काही निघालं नाही. सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. मामाजी उठून बसले, गप्पा मारायला लागले. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. आमच्याकडे सोळा भाज्यांचं जेवण असतं, अख्खी गल्ली जेवते आणि पहिल्या पंगतीला पुरण घरच्या कर्त्यानंच वाढायचं असतं.

"काही नाई निघालं ना? मंग इथं काऊन पडून राहू?"

"मामाजी, गाडी वरवर पाहून कधी भाव केला का तुम्ही?" मी सगळ्यांसमोर विचारलं. नवऱ्यानं डोळे वटारले. वटारू दे.

मामाजी हसले. "कापसात हात घालता येते बेटा. डोक्यात कोण घालन? मशीननं पाह्यलं ना आता." स्वतःच्या जबाबदारीवर जातो अशी सही करून घरी आले.

पुरण वाढतानाच ते कोसळले. नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी गाडीत घालून नेलं. मी मागे राहिले. सांडलेलं पुरण पुसलं. महालक्ष्म्यांचं पान टाकून उठायचं कसं, म्हणून लोक गुपचूप जेवत होते. मीही वाढत राहिले. कोणाला काय हवं ते विचारतही होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नवा फोटो दाखवला. सरकीएवढा फुगा, अगदी स्पष्ट. "तेव्हाही हाच असणार," त्या हळूच म्हणाल्या. संध्याकाळी मामाजी गेले. घर रडलं, मला रडू आलं नाही. अजून येत नाही. आधी राग तरी यायचा, आता तोही येत नाही. कापसाच्या गाड्या येतात, मी चहा पाठवते.

सासूबाई मात्र अधूनमधून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात. "पह्यल्या वेळेस नव्हताच ना तो? मागूनच झाला ना?"

"हो आई, मागूनच झाला," मी म्हणते. त्या पदरानं डोळे पुसतात आणि जातात.

मामाजी असते, तर त्यांनी बाही वर सारली असती.