अमावस्येला बदलणारं घर

बालाजी आणि नरसिंग या भावांच्या न्यायाचं गावभर कौतुक होतं. वडील वारले, दोघं दोन वेगळ्या तालुक्यांच्या गावी राहायला गेले, रान निम्मं-निम्मं झालं, भांडीकुंडी वाटली गेली आणि शेवटी माय उरली. मग तिचीही वाटणी झाली. एक महिना अहमदपूरला थोरल्या बालाजीकडं, एक महिना निलंग्याला धाकट्या नरसिंगकडं. अमावस्या आली की नागाबाईंची पिशवी भरायची आणि त्यांना एसटीत बसवायचं. कुणी एक दिवस जास्त ठेवलं नाही, की कमी नाही. इतका चोख न्याय कोर्टातसुद्धा मिळत नाही. फक्त नागाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

थोरली सून उज्वला अहमदपूरला ब्लाऊज शिवते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि शेजारी सासूची खाट. तोंडानं फटकळ बाई, पण टाका कुठं उसवतोय ते तिला आधी दिसतं.

गेल्या वर्षी नागाबाई घोटाळायला लागल्या. माठ उजवीकडं असताना हात डावीकडं जायचा. न्हाणीघर समजून शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. एकदा भर दुपारी त्या उज्वलालाच म्हणाल्या, "बाई, तुमचं घर लई चांगलं हाय, पर मला आता माझ्या घरी सोडा." उज्वलाला भडभडून आलं. दोन्ही घरांत मात्र कुजबुज सुरू झाली, की म्हातारी आता भ्रमिष्ट झाली.

लातूरच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सुरू झाल्याचं सांगून गोळ्या दिल्या. पण उज्वलानं एक गोष्ट हेरून ठेवली होती. महिना सरत आला की सासूबाई सावरायच्या. माठ सापडायचा, न्हाणीघर सापडायचं, शेजारणीशी गप्पा रंगायच्या. आणि नेमकी तेव्हाच अमावस्या यायची. तिनं हे डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, अशा माणसाचं घर सारखं बदललं तर गोंधळ वाढतो, शक्यतो एका जागी ठेवा.

पुढच्या अमावस्येला नरसिंग मायला न्यायला आला. उज्वला त्याच्यापुढं चहा ठेवत म्हणाली, "पिशवी भरली न्हाई, भावजी. ही पाळी आता बंद."

नरसिंगचा चेहरा उतरला. "आमच्याकडं काय कमी पडलं, वैनी? लोक म्हणतील, धाकट्यानं मायला टाकलं."

बालाजीही चुळबुळला. लोकांची धास्ती त्यालाही होतीच.

"कमी कुणीच केलं न्हाई," उज्वला म्हणाली. "पर आपण सगळ्यांनी मिळून त्यांना बिनघरचं केलंय. तुमच्याकडं कायमचं ठेवा, माझी ना न्हाई. पर एका जागी ठेवा. आन् कुठं ते त्यांनाच विचारा."

विचारायचं कसं, तेच दोघा भावांना सुचेना. शेवटी नरसिंग खाटेजवळ बसला आणि त्यानं विचारलं. नागाबाई सवयीनं म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं." मग मशीनकडं बघत म्हणाल्या, "हितं राहू द्या मला. झोपेतनं उठलं की मशीनचा आवाज येतो. मग मला कळतंय, मी कुठं हाय ते."

नरसिंग डोळे पुसत एकटाच निलंग्याच्या गाडीत बसला.

आजार काही गेला नाही. नागाबाई अजून नावं विसरतात, कधी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. पण माठाकडं हात बरोबर जातो. दुपारी त्या ब्लाऊजांना हूक लावत बसतात, आणि गिऱ्हाईक आलं की उज्वला मुद्दाम सांगते, "हे काम आमच्या आत्याबाईंचं हाय, बघा किती पक्कं बसलंय." सांगताना तिची मान ताठ होते. व्हायलाच पाहिजे.

दिवाळीत नरसिंग बायकोपोरांना घेऊन आला. धाकट्या सुनेचं नाव नागाबाईंना काही केल्या आठवेना, पण तिच्या ताटात पुरणपोळी त्यांनीच वाढली. निघताना नरसिंग जुन्या सवयीनं बोलून गेला, "माय, न्यायला कधी येऊ?"

नागाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"न्यायला कशाला? घरीच हाय की मी. तू भेटायला येत जा."