दीड मिनिटाचा चेलो

माझ्या थोरल्या बहिणीची आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली, आणि त्या एका रेकॉर्डवर आम्ही सगळ्यांनी चौतीस वर्षं कॉलर ताठ करून घेतली. मला स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी पडदे शिवते. पण बहीण चेलो वाजवते असं सांगितलं की लोक ‘म्हणजे काय हो?’ विचारायचे, आणि मग मीच हात पसरून दाखवायची: एवढं थोरलं व्हायोलिन, गुडघ्यांत धरायचं, बसून वाजवायचं.

ताई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि हिचा चेलो, असं चार जणींचं पथक होतं. आई त्यांना चांडाळचौकडी म्हणायची. एका रेकॉर्ड कंपनीने दीडशे वर्षं जुनी एक रचना त्यांच्याकडून वाजवून घ्यायचं ठरवलं, तळघरातला हॉल चार दिवस दिला, आणि नेमकी ताई तापाने फणफणली. पहिले दोन दिवस तिच्या जागी एक बदलीची बाई बसली. वाजवायची झकास, पण नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. बाकीच्यांनी तिचं नाव ‘भाता’ ठेवलं होतं. तालीम म्हणून चाललं होतं सगळं, पण टेप फिरत होती. तिसऱ्या दिवशी ताई उठून गेली आणि दोन दिवसांत पूर्ण रचना वाजवून आली. त्यातल्या संथ भागात बाकीच्या तिघी थांबतात आणि दीड मिनिट एकटा चेलो वाजतो. घरी येऊन ताई उशीत तोंड खुपसून रडली. त्या दीड मिनिटाची मी वाट लावली, म्हणाली.

आठवड्याने कंपनीतल्या टेप जोडणाऱ्याने तिला ऐकायला बोलावलं. त्या काळी टेप दाढीच्या पात्याने कापून चिकटपट्टीने जोडायचे. हा काडीपैलवान त्यात पटाईत होता, जोड कुठे आहे ते शोधून सापडायचा नाही. ताईने ते दीड मिनिट ऐकलं आणि विचारलं, ‘‘ही मी आहे?’’ तो म्हणाला, ‘‘तुम्हीच.’’ लग्न केलं तर याच्याशीच, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. आठ महिन्यांनी तो माझा भावोजी झाला.

त्या रेकॉर्डवर ताईला मोठ्या वाद्यवृंदात कायमची जागा मिळाली. घरी विद्यार्थी यायला लागले. नवा विद्यार्थी आला की आधी ते दीड मिनिट ऐकायचं, मग दातांत पेन्सिल धरून वाजवायचं. ही तिच्या गुरूंची पद्धत. ओठ मिटलेले राहतात, श्वासाचा आवाज होत नाही. श्वास आपल्यासाठी घ्यायचा, लोकांना ऐकवायचा नाही, असं ती पोरांना बजावायची आणि कुणी चुकलं की फार चिडायची. लग्नाच्या वाढदिवसाला भावोजी ती रेकॉर्ड लावायचे आणि समोर बसून ताईचा चेहरा बघत राहायचे. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. माझ्या नवऱ्याने माझ्या एकाही पडद्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीने जुन्या रेकॉर्ड नव्याने काढायचं ठरवलं. सुबक खोका, सोबत पुस्तिका. ताईची रेकॉर्ड त्यात होती. जोड कुठे कुठे आहेत हे एकट्या त्यांनाच माहीत, म्हणून निवृत्त झालेल्या भावोजींना मूळ टेप घरी पाठवली. आमचे भावोजी असे हरखले की विचारू नका. दोन महिने मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून जुनी खरखर काढत होते. आता त्यांच्या कानाची गोष्ट अशी, की बारीक, टोकदार आवाज त्यांना येतच नाहीत. फोन शेजारी वाजतो आणि हे पेपर वाचत बसतात. पण कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी साफ केलं, आणि खरखरीखाली दडलेलं जे त्यांना ऐकू आलं नाही ते तसंच राहिलं.

पुस्तिकेसाठी कंपनीने ताईकडून एक पान मागितलं होतं, त्या दिवसांची आठवण म्हणून. पान शनिवारी पाचपर्यंत द्यायचं होतं. ताईने ते चारदा लिहिलं होतं. शेवटच्या ओळी एकदा ऐकून लिहीन म्हणाली. त्या शनिवारी दुपारी मी तिच्याकडे पडद्याची कड दुमडत बसले होते. भावोजींनी मोठ्या ऐटीत साफ केलेली रेकॉर्ड लावली.

संथ भाग आला. तिघी थांबल्या. आणि चेलो सुरू व्हायच्या आधी कुणीतरी श्वास घेतला. जिना चढून आलेलं माणूस घेतं तसा, उघड्या तोंडाने. मला ऐकू आला, म्हणजे बघा. ताईने परत लावायला सांगितलं. परत. आणखी एकदा.

भावोजी खुशीत होते. एक कण खरखर आहे का सांग, म्हणाले.

‘‘श्वास ऐकू येतोय,’’ ताई म्हणाली.

‘‘कुठला श्वास?’’

बिचाऱ्याला खरंच येत नव्हता. कान स्पीकरला लावला तरी येईना.

‘‘भात्याचा,’’ ताई म्हणाली.

भावोजींचा चेहरा खर्रकन उतरला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईचं दीड मिनिट जमलं नव्हतं. कंपनीचे साहेब म्हणत होते की अख्खी रेकॉर्ड भात्याकडूनच करून घेऊ. ताईचं नाव जाऊ नये म्हणून यांनी दुसऱ्या दिवशीच्या टेपमधलं तेवढंच कापून घातलं. तू ऐकायला आलीस त्याच दिवशी सांगणार होतो, म्हणाले, पण तू इतक्या आनंदाने विचारलंस. मग लग्न झालं, मग तुझी नोकरी लागली, मग कधी सांगायचं?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, भावोजी, तुम्ही केसाने गळा कापलात. ताईने हाताने मला गप्प केलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

‘‘दर वर्षी तू माझ्या तोंडाकडे बघायचास,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ऐकायचास तिला.’’

‘‘तुला बरं वाटायचं,’’ भावोजी म्हणाले.

‘‘पोरांना मी तिचं ऐकवलं. माझं म्हणून ऐकवलं.’’

ताईने विचारलं, मी वाजवलेलं कुठे आहे? ते म्हणाले, कापलं. कापलेला तुकडा कुठे आहे? ते म्हणाले, तुकडे खाली पडायचे, संध्याकाळी केरात जायचे.

‘‘कसं होतं ते?’’

भावोजी गुडघ्यांवर हात चोळत राहिले. मला वाटत होतं, काहीतरी बोला हो. वाईट होतं म्हणा, बरं होतं म्हणा, नाहीतर आणखी एक थाप मारा, इतकी वर्षं मारलीत ना! ताई त्यांच्याकडे बघत होती, आणि ते जे म्हणतील ते ती मानणार होती, हे मला दिसत होतं.

‘‘आठवत नाही,’’ ते म्हणाले.

घड्याळात चार वाजून गेले होते. ताईने टेबलावरचं पान उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूने त्यांच्यासमोर ठेवलं. संथ भागापुढे तिचं नाव छापायचं, म्हणाली, खरं नाव लिही. इतक्या वर्षांत आम्ही त्या बाईला भात्याखेरीज दुसऱ्या नावाने कधी ओळखलं नव्हतं. भावोजींनी पेन घेतलं आणि कुठेही न थांबता लिहिलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

ताईने ते वाचलं.

‘‘हे आठवतं,’’ ती म्हणाली, आणि कंपनीला फोन लावायला उठली.