फाटकवाला झोपला नव्हता

“आधी नंबर दे, फाटक मग लाव.”

फोनवर हे वाक्य मी म्हणालो होतो. गेटमन उत्तम नाही.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका लहान स्टेशनाचा मास्तर होतो. उत्तम हा पोखर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाटकाचा गेटमन. ते फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं. अशा ठिकाणी सगळं शब्दावर चालतं. गाडी येणार असली की मास्तर फोन करतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मग त्याच्याजवळच्या छापील कागदावरचा एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद. त्यानंतरच मास्तरने सिग्नल द्यायचा.

शनिवारी पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला जीपांची रांग लागायची. फाटक लवकर लावलं की लोक उत्तमच्या सात पिढ्या काढायचे. उशिरा लावलं की गाडी सिग्नलला अडकायची आणि कंट्रोलर माझ्या सात पिढ्या काढायचा. म्हणून मी तोडगा काढला. नंबर आधी, फाटक गाडीची शिट्टी ऐकू आल्यावर.

त्या दिवशी उत्तम म्हणाला, “मास्तर, उसाचा ट्रॅक्टर चढायलाय रुळावर. जरा दम धरा.”

“कंट्रोलर डोक्यावर बसलाय. नंबर दे.”

“तुमी म्हणता म्हणून देतो बरं का.”

त्याने दिला. मी सिग्नल दिला. ट्रॉलीचा हुक बरोबर फाटकातच तुटला. ट्रॅक्टर पलीकडे, ऊस रुळावर.

उत्तम लाल झेंडी घेऊन गाडीच्या अंगावर धावत गेला. ड्रायव्हरने ब्रेक मारले. पॅसेंजर ट्रॉलीच्या अलीकडे थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, “नंबर मिळाला होता?”

“हो साहेब.”

“मग तुमचा सिग्नल बरोबर.”

“हो साहेब.”

नंबर मी कसा घेतला, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. उत्तम माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, मास्तर बोलतील. फाटक उघडं ठेवून नंबर दिला म्हणून त्याला फाटकावरून काढून रुळाखाली खडी भरायला लावलं. तो झोपला होता, ही वावडी कुणी उठवली माहीत नाही. पण ती त्याच्या झरी गावापर्यंत पोचली आणि तिथेच राहिली.

मागच्या महिन्यात परभणीत सेफ्टी सेमिनार होता. आम्हा पेन्शनरांनाही बोलावलं होतं. एका तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर तेच फाटक दाखवलं. “इथे गेटमन ड्युटीवर झोपला.”

मी उभा राहिलो. “झोपला नव्हता. फाटक उघडं असताना मी त्याच्याकडून नंबर घेतला.”

शेजारच्या मित्राने माझा सदरा ओढला. “खाली बस. कशाला उकरतोस?”

“बाबा, आपण नंतर बोलू,” अधिकारी म्हणाला.

“नंतर, नंतर करतच म्हातारा झालो. आत्ताच लिहून घ्या.”

“रेकॉर्ड वेगळं सांगतं.”

“ते रेकॉर्ड माझ्या जबाबावर उभं आहे. जबाब अर्धा होता.”

“तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे ना?”

“करा की! मी काय पळून चाललोय?”

कारवाई झाली नाही. केस बंद आहे म्हणे. तेवढं चित्र मात्र त्यांनी सेमिनारमधून काढून टाकलं.

सेमिनारच्या दुसऱ्याच दिवशी मी झरीला गेलो. उत्तम ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. मी सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने मला थांबवलं.

“मला काय सांगायलात, मास्तर? मी तिथंच व्हतो की. गावाला सांगा.”

मग बाजारातल्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं. मोठ्याने. एकाने विचारलं, “त्याला खडी भरायला लावलं. मग तुमाला काय झालं?”

“बढती,” मी म्हणालो.

चौकशीच्या कागदात चूक करणाऱ्याचा रकाना असतो. चूक करायला लावणाऱ्याचा नसतो. तो ज्याचा त्यानेच आखून भरायचा, आणि जमलं तर समोरचा जिवंत असेपर्यंत.