मोजल्याशिवाय बाटली हलवायची नाही

टायरच्या दुकानावरच्या खोलीत पूलचं एकच टेबल आहे आणि त्या टेबलावर राज्य काकींचं. काका गेले तेव्हा थोरल्या दिरांनी सांगून पाहिलं, विकून टाक, बाईमाणसाला हे कशाला. काकींनी दिरांना चहा पाजला, जिन्यापर्यंत पोचवलं आणि टेबलाला नवं हिरवं कापड चढवलं.

काकी स्वतः खेळत नाहीत, खेळवतात. रविवारी दुपारी तिथे गोळीचा डाव रंगतो. टेबलावर एक ते पंधरा आकड्यांचे बॉल आणि काकींच्या बाटलीत त्याच आकड्यांच्या लाकडी गोळ्या. प्रत्येकाने एक गोळी काढायची, कुणाला दाखवायची नाही. पैसे वाटीत. टेबलावर जो सगळ्यात लहान आकडा उरलाय त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे, मग भोकात काहीही पडो. आपल्या आकड्याचा बॉल आपल्या हातून पडला की गोळी दाखवायची आणि वाटी उचलायची. दुसऱ्याने पाडला, तर आपण मेलो. आणि मेलो हे आपलं आपणच कबूल करायचं, पुढचा फटका बसायच्या आत गोळी टेबलाच्या काठावर ठेवून. कुणी विचारणार नाही. जो लपवेल त्याने परत जिना चढायचा नाही.

मंडळी ठरलेली. एक बसचे ड्रायव्हर. फटका मारताना त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबतो, म्हणून त्यांचं नाव ब्रेक. दुसरे विमावाले थोडक्यात. ‘थोडक्यात सांगतो’ असं ते म्हणाले की ऐकणाऱ्याने खुर्ची ओढून घ्यावी. तिसरे टेलरमास्तर. डोळे थकल्यापासून मशीनवर त्यांची लेक बसते. मास्तरांकडे उरलीत काज-बटणं, आणि त्यातलीही निम्मी ती उसवून पुन्हा करते. इथे मात्र काठी हातात आली की मास्तरांच्या हाताला अजून कुणी नावं ठेवत नाही. गोळी काढली की ते न बघताच जाकिटाच्या खिशात टाकतात आणि आपली पाळी आली की खिडकीशी जाऊन, चष्मा चढवून, पाठमोरे वाचतात.

प्रत्येक डावाआधी काकी गोळ्या कापडावर ओतून मोठ्याने मोजतात. त्या रविवारी ओतणार, तेवढ्यात थोडक्यात म्हणाले, “काकी, थोडक्यात सांगतो, आमच्या साडूंनी फ्रिज घेतला. म्हणजे घेतला नाही, घ्यायला गेले. म्हणजे आधी काय झालं...” फ्रिज साडूंच्या जिन्यात अडकेपर्यंत काकींनी दम धरला आणि मग सुटका म्हणून सरळ बाटली हलवली.

डाव सुरू झाला. एक, दोन, तीन गेल्यावर ब्रेकने चार नंबर पाडला. काठावर गोळी कुणीच ठेवली नाही. मग मास्तरांनी पाचला असा हलका कट दिला, की पांढरा बॉल तसाच पुढे गेला आणि अकरा भोकात. मास्तरांनी अकराची गोळी ठेवली, वाटी उचलली. चष्मा ठेवायला डबी काढली, तशी खिशातून आणखी एक गोळी पडली आणि ब्रेकच्या बुटाशी जाऊन थांबली. चार.

“मास्तर,” ब्रेक म्हणाले, “चार तर मी मघाशीच घातला.”

“माझी अकरा आहे हो.”

“अकरापण आहे, चारपण आहे. आम्ही आपले एकेकच काढतो.”

थोडक्यात गप्प होते, यावरून काय ते ओळखा. मास्तरांनी वाटी खाली ठेवली आणि काठी भिंतीला लावली. “मी उतरतो.”

“काठी ठेवू नका अजून,” काकी म्हणाल्या. “मागच्या रविवारी लेक बोलवायला आली, तुम्ही शेवटचा डाव अर्धा टाकून गेलात. तेव्हाची गोळी कुठाय?”

मास्तरांचा हात जाकिटाकडे गेला आणि तिथेच राहिला. “ह्यातच असणार.”

“असेलही,” ब्रेक म्हणाले. “पण आज दोन काढल्या नाहीत, हे कशावरून?”

“कशावरूनच नाही,” काकी म्हणाल्या. “मी मोजल्या असत्या तर चौदाच भरल्या असत्या, तेव्हाच कळलं असतं. मी मोजल्या नाहीत, डाव माझ्यामुळे मोडला. ज्याचे त्याने पैसे उचला. आणि मास्तरांवर बोट ठेवायचं असेल तर आधी माझ्यावर ठेवा.”

ब्रेकने मान खाजवली. “आणि डाव मोडणाऱ्याचं काय करायचं?”

“तुम्ही कापडावर चहा सांडलात तेव्हा तुमचं काय केलं होतं?”

“दिवसभर स्टुलावर. बोलायचंही नाही.”

“मग तेच.” काकींनी बाटली ब्रेकच्या हातात दिली आणि जिन्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलापासून लांब, हाताची घडी घालून.

ब्रेकने बाटली टेबलावर ठेवली. मग भिंतीची काठी काढून त्यांनी मास्तरांपुढे धरली. “घ्या. पाळी तुमच्यापासून.”

मास्तरांनी काठी घेण्याआधी सगळे खिसे उलटे केले. खडू, बटणं, अस्तराच्या चिंध्या. ते बघून ब्रेकनेही आपले केले. थोडक्यातांच्या खिशांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

ब्रेकने गोळ्या ओतल्या आणि अगदी काकींच्या सुरात, नाकातून, मोजायला घेतल्या. सातवर आले, तोच थोडक्यात म्हणाले, “तर तो फ्रिज...”

ब्रेकचा आकडा चुकला. त्यांनी आशेने काकींकडे पाहिलं. काकी खिडकीबाहेर बघत होत्या.

ब्रेकने गोळ्या पुन्हा गोळा केल्या आणि एकपासून सुरुवात केली.