बगळ्याचा अंदाज

सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की समोरच्या गल्लीचं तोंड दिसेना. दोन बादल्या नि खांद्यावर नळी घेऊन बगळा दातांच्या दवाखान्यात शिरला आणि मत्स्यटाकीतलं पाणी उपसायला बसला. उंच, किडकिडीत, लोकांच्या टाक्यांवर वाकून वाकून मान पुढे आलेली. नाव त्यावरूनच पडलेलं. 'बगळ्याच्या हाती मासे दिले' हा विनोद तीस वर्षांत इतक्यांदा कानावर आला होता, की आता तो स्वतःच आधी सांगून मोकळा व्हायचा.

काच पुन्हा शेवाळानं हिरवी झालेली. मागच्याच आठवड्यात घासली होती. वरचा दिवा त्याला जरा मंद वाटला. सवयीनं त्यानं बटण किंचित पुढे सरकवलं.

"काका, पेशंट विचारतात, टाकीत पालक लावलाय का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर बघते. नाहीतर टाकी काढून तिथं दोन खुर्च्या टाकते."

"खाणं जास्त पडत असेल."

"खाण्याच्या पुड्या तुम्हीच बांधून देता."

या वर्षात दोन टाक्या अशाच हातच्या गेल्या होत्या. ही तिसरी.

घरी बायको म्हणाली, "शेवाळ उजेडावर वाढतं. उजेड मोजायचं काहीतरी आणा. अंदाजपंचे दाहोदरसे किती दिवस चालणार?"

"तीस वर्षं नजरेनंच मोजतोय."

"म्हणूनच म्हणते. परवा पांढऱ्या शर्टाला पिवळ्या दोऱ्यानं बटण लावलंत."

दुपारी बगळा मोजमापाच्या उपकरणांच्या दुकानात गेला. दुकानदारबाईंनी आधी एक खानदानी मापक काढलं. थेट पाण्यात बुडणारं, वनस्पतींना लागतो तेवढाच उजेड मोजणारं. किंमत ऐकून बगळ्यानं ते अलगद परत ठेवलं.

"मग हे घ्या. तळहाताएवढं, वायरला डोळा आहे. माणसाला दिसतो तो उजेड मोजतं. पाण्यात मात्र घालू नका."

"मोबाइलवर फुकट होतं म्हणतात."

"बघा की करून."

त्यानं टेबलावरच्या दिव्याखाली मोबाइल तीनदा धरला. आकडे तीन तऱ्हेचे. छोटं मापक तीनदा धरलं. आकडा जवळपास तोच.

"पण खरा आकडा हाच का?"

"छातीठोक नाही सांगणार. दिवे एकाच जातीचे असले तर तुलना नक्की होईल."

"मग झालं. चुकलं तरी चालेल, रोज सारखंच चुकलं पाहिजे." बगळ्यानं पाकीट काढलं.

घरची टाकी बायकोची. दवाखान्यातल्यासारखाच दिवा, पाणीही तेवढंच खोल, पण तिच्या बटणाला हात लावायची बगळ्याला सक्त मनाई. पाणी आरशासारखं, झाडं टवटवीत. त्यानं वायरचा डोळा काचेच्या कोरड्या बरणीत ठेवला आणि बरणी तळाच्या खड्यांपर्यंत दाबून धरली. चोवीसशे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तीच बरणी तशीच धरली. सात हजार तीनशे.

त्यानं बरणी पुसली. मापकाची बॅटरी काढून पुन्हा घातली. सात हजार तीनशे. आणि त्याच्या नजरेला तर हा उजेड जेमतेमच दिसत होता.

तो नळी हातात घेऊन तसाच उभा राहिला. दर आठवड्याला दिवा मंद वाटायचा. दर आठवड्याला बटण केसभर पुढे. आणि गेलेल्या दोन टाक्यांच्या मालकांना त्यानं जास्त खाणं घालता म्हणून चांगलं झापलं होतं.

"काय निघालं?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं.

दिवा बिघडलाय, असं म्हणून मोकळं होता आलं असतं; जिभेला काय, हाड नसतं.

"दिवा ठणठणीत आहे," बगळा म्हणाला. "माझेच डोळे मंदावलेत. कळलं नाही, उजेड वाढवत गेलो."

बाई म्हणाल्या, "मी दातांची. डोळ्यांची डॉक्टर वरच्या मजल्यावर बसते. अकराला जा, मी फोन करून ठेवते."

"आणि खुर्च्या?"

"खुर्च्यांना थांबू द्या. आधी वर जाऊन या."

त्यानं मापकावर चोवीसशे येईपर्यंत बटण मागे घेतलं. त्याच्या डोळ्यांना टाकीत तिन्हीसांज झाल्यासारखी वाटली. हात बटणाकडे गेला, पण त्यानं तो आवरला. अकराला अजून तासभर होता. बाही कोपरापर्यंत सारून त्यानं पातं उचललं आणि वरच्या कोपऱ्यापासून काच खरवडायला घेतली.