भिंतीला सॉरी म्हणणारा माणूस

इथे अमेरिकेत, बॉथेलला आम्ही जुनं घर घेतलं आणि घर तापवणारी फर्नेस बसवायचं ठरवलं, तेव्हा गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या डक्टचा मार्ग आखायला तो आला. साठीचा, लांब बोटांचा, अबोल. नाव सांगितलं होतं त्याने, मी विसरले.

जुन्या घरात डक्ट सरळ नेता येत नाही. कुठे तुळई आडवी येते, कुठे बुजवलेलं धुराडं. तो प्रत्येक भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करायचा, कान लावायचा आणि खडूने खूण करायचा.

जिन्याशेजारची भिंत चांगली पोकळ निघाली. मी म्हटलं, "मग इथूनच सरळ वर न्या की!"

त्याने पुन्हा टकटक केली. कान लावला. मग टोपी काढली आणि कुणी आत असलेल्या बाथरूमचं दार चुकून उघडल्यावर म्हणतात तसं हळूच म्हणाला, "सॉरी."

डक्ट त्याने तीन वळणं देऊन स्वयंपाकघरातून नेला. मी इंजिनियर, मला ते पटेना. वाद घातला.

"तिथे जागा नाही," एवढंच तो म्हणाला.

घर आता छान तापतं. माझी मुलगी मात्र त्याच भिंतीला टेकून होमवर्क करते. परवा सर्व्हिसिंगसाठी फर्नेस सकाळपासून बंद होती. घर गारठलेलं. मी ओरडले, "ऊठ तिथून, भिंत गार असेल!"

"नो आई, धिस वन्स ऑलवेज वॉर्म."

तिने वर बोट दाखवलं, तिथे मी हात लावला. माझ्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढ्या जागेत ऊब होती.

हात झटकन मागे घेतला आणि तोंडातून आपोआप निघालं, "सॉरी."